सरमिसळ किरणांचा निवाडा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीच्या परिसरात, शहापूर हे गाव आहे. हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि कष्टकरी माणसांचा. आणि येथून हृदयविकाराच्या सूक्ष्म तपासणीसाठी निघालेल्या माणसाची वाट बहुधा नागपूरकडेच वळते. ‘स्ट्रेस थॅलियम’ या नावाने सर्वत्र परिचित झालेली तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली, म्हणजे रुग्ण आणि त्याचे नातलग यांच्यापुढे रोगाच्या चिंतेबरोबरच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो: हे काम एका खेपेत उरकेल, की दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागेल? सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी, मुक्कामाचा खर्च, आणि छातीत कळ येणाऱ्या माणसाला दोनदा सोसावा लागणारा प्रवास यांचा हिशोब मांडला, तर हा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही. दोन निरनिराळी किरणोत्सारी समस्थानिके शरीरात सोडून विश्रांतीचे आणि श्रमाचे अशी हृदयाची दोन्ही चित्रे एकाच बैठकीत घ्यावीत, हे त्या प्रश्नाचे एक शास्त्रीय उत्तर आहे. उत्तर आकर्षक आहे. परंतु दोन समस्थानिकांचे किरण एकमेकांत मिसळतात, आणि बेसावधपणे घेतलेल्या चित्रात वाचलेल्या वेळेची किंमत सत्यातून वसूल होते. ती तशी वसूल होऊ नये, एवढ्यासाठी पदार्थवैज्ञानिकांनी, गणितज्ञांनी आणि वैद्यांनी जो दीर्घ उद्योग केला, त्याची हकीकत सामान्य वाचकाने समजून घेण्याजोगी आहे.

हृदय अहोरात्र चालते ते त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्रोहिण्यांच्या भरवशावर. यांपैकी एखाद्या रोहिणीचा मार्ग मेदाच्या थरांनी अरुंद झाला, तरी विश्रांतीच्या समयी रक्ताची निकड अल्प असल्यामुळे स्नायूचे कसेबसे निभावून जाते. परंतु श्रमाच्या समयी ती निकड वाढली, म्हणजे अरुंद वाटेने पुरेसे रक्त पोहोचत नाही आणि तेवढ्या भागाची उपासमार होते. म्हणूनच या तपासणीत दोन चित्रे लागतात: एक विश्रांतीचे, आणि दुसरे ट्रेडमिलवर चालवून, अथवा चालणे ज्याला झेपत नाही त्यास ॲडेनोसीनसारखे औषध देऊन घेतलेले. शिरेतून टोचलेले किरणोत्सारी द्रव्य रक्ताबरोबर हृत्स्नायूत पोहोचते. जेथे रक्त अधिक तेथे ते अधिक साठते, आणि तेथून निघणारे गॅमा किरण बाहेरचा कॅमेरा टिपतो. श्रमाच्या चित्रात फिका दिसणारा भाग विश्रांतीच्या चित्रात भरून आला, तर स्नायू जिवंत आहे पण त्याला रक्त अपुरे पडते, असे वैद्य समजतो; दोन्ही चित्रांत तो फिकाच राहिला, तर तेथे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण असतो. पहिल्या रुग्णाच्या बाबतीत रोहिणी मोकळी करण्याचा विचार होतो, दुसऱ्याच्या बाबतीत कदाचित होणार नाही. निर्णयाचा सारा भार असा दोन चित्रांमधील फरकावर असतो, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

या कामासाठी वैद्यकाने दोन द्रव्ये मुख्यतः वापरली. थॅलियम-२०१ हे शरीरात पोटॅशियमसारखे वागते, आणि जिवंत पेशी पोटॅशियमला ज्या यंत्रणेने आत ओढून घेते तिच्याच द्वारे स्नायूत शिरते. म्हणून स्नायूच्या जिवंतपणाची ते उत्तम साक्ष देते. ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करावे लागते, आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे ७३ तासांचा असतो. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात ते हृदयचित्रणासाठी प्रचारात आणले. दुसरे द्रव्य टेक्नेशियम-९९एम. मेंडेलीव्हच्या कोष्टकात त्रेचाळिसाव्या क्रमांकाची जागा दीर्घकाळ रिकामी होती. ती १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी भरून काढली, आणि कृत्रिम रीतीने सिद्ध झालेले पहिले मूलद्रव्य म्हणून टेक्नेशियमची नोंद झाली. त्याच्या ९९एम या रूपाचा अर्धायुकाल अवघा ६ तासांचा, आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे कॅमेऱ्याला अगदी मानवणारी. सेस्टामिबी नावाच्या रेणूशी जोडलेले हे टेक्नेशियम हृत्स्नायूच्या पेशींत शिरून तेथेच ठाण मांडते. थॅलियम मात्र काही तासांत जागा बदलू लागते. या स्वभावभेदामुळे दोन्ही द्रव्ये एकमेकांची जागा घेण्यापेक्षा एकमेकांस पूरक ठरतात.

महाराष्ट्रात या विद्येची पाळेमुळे तुर्भे आणि परळ येथे आहेत. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या भट्ट्यांची भर पडली, आणि वैद्यकीय समस्थानिकांची निर्मिती या देशात होऊ लागली. १९६३ मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या उपभवनात रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले, आणि १९७३ पासून तेथे डॉक्टरांसाठी या विषयाचा पदविका-अभ्यासक्रम सुरू झाला. तुर्भ्याच्या भट्टीत तयार झालेले मॉलिब्डेनम-९९ रुग्णालयांकडे पाठवावयाचे, आणि तेथे मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाच्या साहाय्याने त्यातून टेक्नेशियम वेगळे करावयाचे, हा परिपाठ आपल्या रुग्णालयांत अनेक वर्षे चालला. १९८९ मध्ये स्थापन झालेले विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, आजही ही द्रव्ये आणि त्यांची सिद्ध औषधे पुरवते.

मुंबईहून नागपूर आठशे किलोमीटरांहून दूर. सहा तासांत अर्धे होणारे टेक्नेशियम तसेच्या तसे धाडले, तर चोवीस तासांनी त्याचा सोळावा हिस्साच उरेल; म्हणून त्याचा जनक मॉलिब्डेनम धाडावा लागतो, ज्याचा अर्धायुकाल ६६ तासांचा आहे आणि आठवड्यानंतरही ज्याचा सुमारे सहावा हिस्सा शिल्लक असतो. हे द्रव्य जगात मोजक्याच भट्ट्यांतून मोठ्या प्रमाणावर निघते. कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी मे २००९ मध्ये बंद पडून ऑगस्ट २०१० पर्यंत बंद राहिली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांना टेक्नेशियमचा तुटवडा सोसावा लागला, आणि कित्येक ठिकाणी थॅलियम पुन्हा कपाटातून बाहेर आले. दोन समस्थानिकांची विद्या जिवंत ठेवण्यामागे असे व्यावहारिक शहाणपणही आहे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. बर्कलेच्या हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जो गॅमा कॅमेरा बनवला, त्याचे तत्त्व आजही बहुतांश केंद्रांतून चालू आहे. सोडियम आयोडाइडचा विस्तीर्ण स्फटिक, त्याच्यापुढे सहस्रावधी बारीक छिद्रे असलेली शिशाची जाड चकती, म्हणजे कॉलिमेटर, आणि मागे प्रकाशाचे विद्युत्-स्पंदांत रूपांतर करणाऱ्या नळ्या, अशी त्याची रचना असते. छिद्रांच्या सरळ रेषेत येणारा किरणांचा कण, म्हणजे फोटॉन, तेवढाच आत शिरतो. स्फटिकावर आपटून तो प्रकाशाचा क्षीण झोत निर्माण करतो, आणि त्या झोताच्या तीव्रतेवरून फोटॉनची ऊर्जा समजते. ही ऊर्जा हीच त्याची ओळख. टेक्नेशियमचा फोटॉन १४० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचा. थॅलियमचे बहुसंख्य फोटॉन ७० ते ८० च्या दरम्यानचे, आणि थोडे १३५ व १६७ चे. कॅमेऱ्याला ठराविक ऊर्जामर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ‘विंडो’, नेमून दिली, म्हणजे तिच्यात बसणारे फोटॉन त्या त्या समस्थानिकाच्या नावे नोंदले जातात. कॅमेरा छातीभोवती अर्धवर्तुळात फिरतो, निरनिराळ्या कोनांतून प्रतिमा घेतो, आणि संगणक त्यांतून हृदयाचे थर उभे करतो. या पद्धतीस ‘स्पेक्ट’ म्हणतात.

केवळ टेक्नेशियम वापरले, तर पहिल्या टोचणीचा अंश दुसऱ्या चित्रात मिसळू नये म्हणून दुसऱ्या खेपेस सुमारे तिप्पट मात्रा द्यावी लागते, अथवा दोन चित्रे दोन दिवसांत विभागावी लागतात. यावर लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील डॅनिएल बर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये एक पद्धत तपासून प्रसिद्ध केली. तीत विश्रांतीच्या वेळी थॅलियम देऊन आधी त्याचे चित्र घ्यावयाचे, आणि लगेच श्रम करवून टेक्नेशियम-सेस्टामिबीचे चित्र घ्यावयाचे. थॅलियमचे चित्र आधी घेण्यात मर्म होते. कारण मागे राहिलेल्या थॅलियमचा टेक्नेशियमच्या चित्राला होणारा उपद्रव अल्प असतो, उलट क्रमाने मात्र तो फार होतो. याच्या पुढचे पाऊल म्हणजे दोन्ही द्रव्ये शरीरात असताना दोन्ही चित्रे एकाच वेळी टिपणे. त्यात कॅमेऱ्याखालचा वेळ निम्मा होतो. शिवाय दोन्ही चित्रांत रुग्णाची कुशी, श्वासाची लय आणि हृदयाचे स्थान तंतोतंत एकच राहते, त्यामुळे दोहोंची तुलना करताना एक चित्र दुसऱ्यावर बसवण्याची खटपट उरत नाही. एवढा दुहेरी लाभ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही.

परंतु निसर्गाने येथे एक अडसर घातला आहे. गॅमा किरण शरीरातून जाताना इलेक्ट्रॉनांवर आपटतात, दिशा बदलतात, आणि आपटताना ऊर्जेचा काही भाग गमावतात. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये उलगडून दाखवलेला हा प्रकीर्णनाचा नियम अटळ आहे. भंडाऱ्याच्या धानशेतीत वरच्या बांधीची पाळ फुटली, म्हणजे तिचे पाणी खालच्या बांधीत उतरते, आणि मग खालच्या शेतकऱ्याला आपले पाणी किती आणि आलेले किती, हे सांगता येत नाही. नेमके तसेच टेक्नेशियमचे किरण ऊर्जेने घसरत थॅलियमच्या मर्यादेत उतरतात. १४० चा फोटॉन एकदाच आपटून सरळ मागे फिरला, तरी त्याची ऊर्जा सुमारे ९० च्या खाली जात नाही; म्हणजे ७५ च्या आसपास तो पोहोचतो तो दोन किंवा अधिक वेळा आपटून, आणि म्हणूनच तो मुळात कोठून निघाला याचा मागमूस त्याच्यात उरलेला नसतो. याच्या भरीस कॉलिमेटरचे शिसे येते. टेक्नेशियमच्या किरणांनी उद्दीपित झालेले शिसे स्वतःच ७३ ते ८५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण सोडते, आणि ते नेमके थॅलियमच्या मर्यादेत पडतात. रूढ मात्रांत टेक्नेशियम थॅलियमच्या कित्येक पट अधिक दिलेले असते. त्यामुळे गळती प्रमाणाने थोडी असली, तरी क्षीण थॅलियमच्या चित्रात ती मोठी ठरते. थॅलियमच्या बाजूनेही थोडी आगळीक होतेच, कारण त्याचे १३५ चे फोटॉन टेक्नेशियमच्या मर्यादेत बसतात. पण ते संख्येने इतके थोडे, की मुख्य दावा टेक्नेशियमच्याच विरुद्ध राहतो.

या सरमिसळीने निदानावर काय परिणाम होतो, हे नीट पाहिले पाहिजे. समजा, हृदयाच्या एका भिंतीत जुना व्रण आहे, आणि तेथे दोन्ही द्रव्ये पोहोचत नाहीत. टेक्नेशियमच्या चित्रात तो भाग स्पष्ट रिकामा दिसतो. पण शेजारच्या निरोगी स्नायूतून निघालेले, वाट चुकलेले फोटॉन थॅलियमच्या चित्रात त्या रिकाम्या जागेवर पसरतात आणि ती अंशतः भरल्यासारखी भासते. श्रमात रिकामे आणि विश्रांतीत भरलेले असे दृश्य दिसले, की वैद्य मृत स्नायूस जिवंत समजण्याचा संभव असतो, आणि जेथे लाभ नाही तेथे रुग्णावर खर्चाचा व शस्त्रक्रियेचा बोजा पडू शकतो. याच्या उलट प्रकारही घडू शकतो. स्नायू जिवंत आहे, श्रमात मात्र उपाशी राहतो. टेक्नेशियमचे ते उपाशी चित्र थॅलियमच्या निरोगी चित्रावर अस्पष्टपणे आरोपित होते, आणि दोहोंमधील फरक मावळतो. पहिल्या प्रमादात अनावश्यक उपचार, दुसऱ्यात आवश्यक उपचाराला मुकणे. चित्राची गुणवत्ता हा शब्द उच्चारताना आपल्या मनात देखणेपणा येतो. येथे तिचा अर्थ या दोन प्रमादांपासून रुग्णाचे रक्षण एवढाच घ्यावयाचा आहे.

उपायांचा पहिला मार्ग मोजणी आणि वजाबाकी यांचा. जपानमधील ओगावा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये सुचवलेल्या तीन-खिडक्यांच्या पद्धतीत मुख्य ऊर्जामर्यादेच्या दोन्ही कडांना दोन अरुंद मर्यादा ठेवून तेथे किती फोटॉन येतात ते मोजतात, त्यावरून मधल्या मर्यादेत किती उपरे असतील याचा अंदाज बांधतात, आणि तेवढे वजा करतात. ही पद्धत सुटसुटीत आहे, कोणत्याही कॅमेऱ्यावर चालते, आणि म्हणून लोकप्रियही झाली. पण तिच्यात एक दोष आहे, आणि तो अंकगणितानेच दाखवता येतो. किरणोत्साराची मोजणी स्वभावतःच चढउताराची असते. शंभर फोटॉन मोजले, तर त्यातील अनिश्चितता शंभराच्या वर्गमूळाएवढी, म्हणजे दहा, अर्थात शेकडा दहा असते. या शंभरांपैकी चाळीस उपरे आहेत असे तितक्याच प्रत्यक्ष मोजणीने ठरवून वजा केले, तर उरतात साठ. पण दोन्ही मोजण्यांची अनिश्चितता एकत्र होऊन ती सुमारे बारा, म्हणजे शेकडा वीस होते. उपरे गेले, पण त्यांच्या जाण्याने चित्र दुप्पट खडबडीत झाले. मग खडबड झाकण्यासाठी गुळगुळीत करणारी गाळणी लावावी, तर बारीक दोषही तिच्यात गडप होतात. थॅलियमसारख्या मुळात थोड्या फोटॉनांच्या चित्राला हा व्यवहार परवडत नाही.

म्हणून दुसरा, अधिक मर्मग्राही मार्ग शोधला गेला. १९८२ मध्ये शेप आणि वार्डी यांनी, आणि त्याच मार्गाला वेग देत १९९४ मध्ये हडसन आणि लार्किन यांनी, प्रतिमा उभारण्याची क्रमशः सुधारणेची पद्धत मांडली. तीत संगणक आधी हृदयाचे एक अनुमानित चित्र धरतो. ते खरे असते तर कॅमेऱ्याला काय दिसले असते याची गणना करतो. प्रत्यक्ष मोजणीशी ती ताडून पाहतो. आणि फरकानुसार अनुमान पुन्हा पुन्हा सुधारतो. या गणनेतच सरमिसळीला रीतसर स्थान देता येते. टेक्नेशियमचे चित्र तुलनेने शुद्ध असते. त्यावरून थॅलियमच्या मर्यादेत किती फोटॉन कोठे उतरतील ते काढावयाचे, शिशाचे क्ष-किरणही धरावयाचे, आणि ही रक्कम मोजणीतून वजा न करता अनुमानित बाजूस मिळवावयाची, अशी ही युक्ती. मोजलेले आकडे जसेच्या तसे राहतात, त्यांचा सांख्यिकीय स्वभाव बिघडत नाही, आणि वजाबाकीने वाढणारी खडबड बरीच टळते. २००२ मध्ये नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील संशोधकांनी, फोटॉनांचा शरीरातील प्रवास मॉन्टे कार्लो गणनेने, म्हणजे असंख्य यदृच्छ प्रवासांची संगणकात पुनरावृत्ती करून, उभा केला आणि थॅलियम व टेक्नेशियम यांच्या एकत्रित चित्रणात ही सुधारणा करून दाखवली. एके काळी ज्या गणनेला दिवसचे दिवस लागत, ती आता वेगवान संगणकांमुळे दैनंदिन वापराच्या आवाक्यात आली आहे.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. या मार्गात लागणारी सामग्री ही मुख्यतः गणित, भौतिकी आणि संगणकलेखन यांची आहे. कोट्यवधींचा कॅमेरा प्रत्येक अभ्यासकाच्या दाराशी असण्याची तीत गरज नाही. फोटॉनांच्या प्रवासाचे अनुकरण करणारी ‘गेट’ आणि ‘सिमिंड’ यांसारखी साधने संशोधकांना विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि त्यांच्या साहाय्याने संगणकातच कृत्रिम छाती, कृत्रिम हृदय आणि त्यातील ज्ञात दोष उभा करून निरनिराळ्या पद्धतींची परीक्षा घेता येते. शहापुरात मनोहरभाई पटेल यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घेतला, नागपूरच्या वैद्यांशी आणि पदार्थवैज्ञानिकांशी संधान बांधले, तर आपल्याच तालुक्यातील रुग्णांच्या उपयोगी पडेल असे काम त्यांच्या हातून होऊ शकते. संशोधन म्हणजे मुंबई-पुण्याचा किंवा परदेशाचा इजारा, ही समजूत ज्या विषयांत सर्वांत निराधार आहे, त्यांपैकी हा एक आहे.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याच्या स्वभावातच बदल करण्याचा. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाला १४० च्या जवळपास सुमारे शेकडा दहाचा ऊर्जाभेद कळतो, म्हणजे चौदा किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टांहून जवळचे दोन फोटॉन त्याला वेगळे ओळखणे कठीण जाते. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाच्या शोधकांत प्रकाशाची मध्यस्थी नसते. फोटॉन आदळताच विद्युत्भार थेट मोजला जातो, आणि ऊर्जाभेद शेकडा पाच ते सहापर्यंत ओळखता येतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या शोधकांचे खास हृदयासाठी घडवलेले कॅमेरे प्रचारात आले; ते संवेदनक्षमही असल्यामुळे थोड्या मात्रेत आणि थोड्या मिनिटांत चित्र मिळू लागले. टेक्नेशियमच्या १४० शेजारी आयोडीन-१२३ चे १५९ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण वेगळे काढणे, जे हृदयाच्या मज्जातंतूंच्या आणि चयापचयाच्या अभ्यासास हवे असते, ते या शोधकांनी विशेष सुकर केले. परंतु नव्या यंत्राबरोबर नवा दोषही आला. या स्फटिकात विद्युत्भाराचा काही अंश वाटेतच अडकतो, त्यामुळे पूर्ण ऊर्जेचा फोटॉनही कधी कधी कमी ऊर्जेचा म्हणून नोंदला जातो, आणि १४० च्या शिखराला खालच्या बाजूस एक लांब शेपूट फुटते. म्हणजे येथेही गणिताची सुधारणा लागतेच; यंत्र उत्तम असले म्हणून हिशोबातून सुटका होत नाही.

सरमिसळ पूर्णपणे दूर केली, तरी दोन चित्रांत एक मूलभूत विषमता उरते. टेक्नेशियमचे किरण शरीराच्या मऊ ऊतकांत सुमारे साडेचार सेंटीमीटरांत अर्धे होतात. थॅलियमचे मंद किरण पावणेचार सेंटीमीटरांतच. त्यामुळे स्त्रियांत स्तनांच्या आडोशाने पुढची भिंत, आणि पुरुषांत श्वासपटलाच्या आडोशाने खालची भिंत फिकी दिसण्याचा भ्रम थॅलियमच्या चित्रात अधिक होतो. थॅलियमची प्रतिमा अधिक धूसर असल्याने हृदयाची पोकळीही तीत लहान भासते, आणि टेक्नेशियमच्या श्रमचित्रात तीच पोकळी मोठी भासल्याने, श्रमाने हृदय फुगले असा खोटा ग्रह होऊ शकतो. म्हणून या दुहेरी पद्धतीत श्रमातील आणि विश्रांतीतील पोकळीच्या गुणोत्तराची निरोगी मर्यादा १.२२ इतकी सैल धरावी लागली. शरीरातील क्षीणनाची दुरुस्ती सीटी स्कॅनच्या नकाशावरून करता येते. अथवा रुग्णास पालथे निजवून पुन्हा एकदा चित्र घेतले, तर खालच्या भिंतीचा संशय पुष्कळदा फिटतो. दोन भिन्न साक्षीदारांची जबानी ताडताना प्रत्येकाची दृष्टी किती अधू आहे हे आधी ठरवावे लागते, तसे येथे प्रत्येक समस्थानिकासाठी निरोगी माणसांच्या चित्रांचा स्वतंत्र संग्रह ठेवावा लागतो.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची, विशेषतः उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांची, या क्षेत्रात मोठी चर्चा आहे. थोड्या फोटॉनांचे खडबडीत चित्र दिले, की असे जाळे भरपूर फोटॉनांच्या चित्रासारखे नितळ चित्र परत देते, आणि सरमिसळीचा अंदाजही क्षणार्धात बांधते. या सामर्थ्याचे स्वागत करावे. परंतु त्याची परीक्षा कठोर असावी. जे दोष जाळ्याने शिकताना पाहिलेच नाहीत, ते हे जाळे पुसून टाकू शकते. जे नाहीत, ते काढूनही दाखवू शकते. नितळ चित्र डोळ्यांना सुखावते, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे ठरू शकते. म्हणून कोणत्याही नव्या पद्धतीची कसोटी एकच: पाण्याने भरलेल्या, छातीच्या आकाराच्या प्रतिकृतीत, ज्याला प्रयोगशाळेत ‘फँटम’ म्हणतात, मुद्दाम ठेवलेला ज्ञात दोष ज्ञात जागी आणि ज्ञात आकारात दिसतो की नाही, आणि पुढे प्रत्यक्ष रुग्णांत, अँजिओग्राफीच्या निष्कर्षांशी तो जुळतो की नाही.

किरणांच्या मात्रेचा विचार टाळून ही चर्चा पुरी होऊ शकत नाही. थॅलियमचा अर्धायुकाल दीर्घ असल्याने ते शरीरात अधिक काळ राहते, आणि रूढ मात्रांच्या दुहेरी पद्धतीत रुग्णाला २० मिलिसीव्हर्टहून अधिक विकिरण मिळते. जगात माणसाला निसर्गतः वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळते, हे लक्षात घेता ही मात्रा लहान नाही. म्हणूनच अमेरिकेतील न्यूक्लिअर कार्डिऑलॉजीच्या संस्थेने ही पद्धत सरसकट वापरू नये असे सुचवले, आणि आज बहुतेक केंद्रांत दोन्ही चित्रे टेक्नेशियमवरच घेतली जातात. पण येथेच चित्रशुद्धीच्या साऱ्या उद्योगाचे खरे प्रयोजन प्रकट होते. संवेदनक्षम शोधक आणि प्रामाणिक गणना यांच्या जोरावर थोड्या फोटॉनांतून विश्वासार्ह चित्र काढता आले, तर मात्रा घटवता येते. आणि मात्रा घटली, तर एका बैठकीची ती जुनी सोय, जिचा त्याग सुरक्षिततेसाठी करावा लागला, पुन्हा विचारात घेता येते. चित्र शुद्ध करण्याचा प्रत्येक प्रयत्न अशा रीतीने दुहेरी फळ देतो: निदान खरे होते, आणि रुग्णाच्या शरीरावरचा भार हलका होतो.

यंत्र आणि गणित यांच्याइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच, माणसाची दक्षता या कामी लागते. रोज सकाळी कॅमेऱ्याच्या एकसारखेपणाची चाचणी, ठराविक मुदतीने फिरण्याच्या केंद्राची तपासणी, ऊर्जामर्यादांची पुनर्निश्चिती. सेस्टामिबी यकृतात आणि आतड्यात साठते म्हणून, त्याची छाया खालच्या भिंतीवर पडू नये यासाठी योग्य वेळ थांबण्याचा संयम. रुग्णाने हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावे म्हणून त्याला आधी नीट समजावून सांगणे: ही कामे करणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव कोणत्याही शोधनिबंधात येत नाही, पण रुग्ण दोन सेंटीमीटर हलला, तर कोणतीही गणना ते चित्र वाचवू शकत नाही. आणि तपासणीचा अहवाल लिहिणाऱ्याने सरमिसळीची, प्रकीर्णनाची आणि क्षीणनाची दुरुस्ती कोणत्या रीतीने केली, अथवा केली नाही, हे त्यात स्पष्ट शब्दांत नमूद करण्याचा प्रघात सर्वत्र पडला पाहिजे. गावातील डॉक्टराला तो अहवाल वाचून पुढचा सल्ला द्यावयाचा असतो. ज्या साक्षीवर तो विसंबतो तिच्या मर्यादा त्याला ठाऊक असणे हा त्याचा अधिकार आहे, आणि रुग्णाचाही. वेळ, पैसा आणि प्रवास वाचवणारी प्रत्येक नवी पद्धत याच अटीवर स्वीकारावी, की तिने दाखवलेला फरक हृदयातला असेल, किरणांच्या गोंधळातला नसेल. आणि ही अट पाळली गेल्याचा पुरावा मागण्यास रुग्णाने, डॉक्टराने आणि शासनाने संकोच करू नये.